पुस्तक ८० रुपयांचं, पाठवणावळ त्याहून जास्त: यावर मला सापडलेला उपाय

जुनी मराठी पुस्तकं विकताना दर वेळी हेच व्हायचं: कुरिअरचा खर्च पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त. स्पीड पोस्टनेही फारसं वाचेना. खोकं लहान केलं, तरी फरक पाच-दहा रुपयांचाच. घेणारे ऐनवेळी नाही म्हणायचे, फार जीव जळायचा.

उपाय निघाला टपाल खात्याच्या 'ज्ञान पोस्ट'मध्ये. ही सेवा मे २०२५ पासून आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. ट्रॅकिंगही मिळतं.

आधी पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं आहे ना ते बघा, ती अट आहे. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून खाकी कागदात गुंडाळा. खोकं नको, त्याच्या वजनानेच पुढचा टप्पा लागतो. आत चिठ्ठी ठेवू नका. एक बाजू उघडी ठेवून खिडकीवर पुस्तक दाखवा, मगच टेप लावा. वर ठळक 'ज्ञान पोस्ट' लिहा आणि तोंडीही तेच नाव सांगा, नाहीतर सवयीने स्पीड पोस्टची पावती फाडली जाते.

हे टपाल जमिनीवरून जातं, त्यामुळे वेळ लागतो. घेणाऱ्याला तसं आधीच सांगा. सीडी, खेळणी यांना ही सवलत नाही.