पन्नाशीनंतरचे डोळे आणि पॉइंट टू-टू रायफलीची दुर्बीण

पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच बोअरच्या, रायफलीने पन्नास मीटरवर साध्या साइटने नेम धरताना डोळ्याला एकाच वेळी तीन अंतरांचा हिशेब ठेवावा लागतो: डोळ्याजवळची मागची साइट, नळीच्या टोकाशी असलेली पुढची साइट आणि दूरचे लक्ष्य. तरुण डोळ्याचे भिंग लवचिक असल्यामुळे ते या अंतरांमध्ये क्षणात ये-जा करते. चाळिशी लागल्यावर ते ताठर होऊ लागते आणि साठीच्या आसपास ही लवचिकता जवळजवळ संपते, म्हणून पुढची साइट स्पष्ट दिसली तर लक्ष्य विरघळते आणि लक्ष्य स्पष्ट दिसले तर साइट धूसर होते. दुर्बिणीत रेटिकल (नेम धरण्यासाठी आत दिसणारी रेघांची किंवा ठिपक्याची खूण) आणि लक्ष्याची प्रतिमा एकाच प्रतलात येत असल्यामुळे हा झगडा मिटतो. मात्र दुर्बीण निवडताना बहुतेकांची नजर सर्वांत आधी ती किती पट मोठे दाखवते या आकड्यावर जाते, आणि वाढत्या वयाच्या डोळ्यासाठी तोच आकडा सर्वांत फसवा असतो.

आपण दुर्बीण कशासाठी घेत आहोत, हे प्रथम ठरवावे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ५० मीटर रायफल स्पर्धांत दुर्बीण चालत नाही. आपल्या इंदूरशेजारच्या खरगोन जिल्ह्यातील ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर काय किंवा २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे काय, सर्व जण बारीक छिद्राच्या साइटनेच नेम धरतात. ज्यांना अशाच स्पर्धांत उतरायचे आहे, त्यांनी दुर्बिणीवर पैसे घालण्याऐवजी मागच्या साइटला छिद्र लहान-मोठे करता येणारे आयरिस बसवावे आणि दूरच्या नंबरात साधारण अधिक ०.५० मिळवून नेमबाजीपुरता वेगळा चष्मा करून घ्यावा. त्याने पुष्कळ काम भागते. टेबलावर रायफल टेकवून केलेला सराव, क्लबमधील आपसांतील सामने, काडतुसांची किंवा नळीची अचूकता तपासणे, अशा कामांसाठी दुर्बीण योग्य आहे. (पॉइंट टू-टू रायफलीला शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो आणि ती मान्यताप्राप्त रेंजवरच चालवायची असते, हे महूच्या लष्करी छावणीतून निवृत्त होऊन इंदुरात स्थायिक झालेल्या वाचकांना मी सांगायला नको, पण हौस नव्याने लागलेल्यांसाठी नोंदवून ठेवतो.)

दुर्बिणीच्या दुकानाआधी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. तिथे तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: नेम धरण्याच्या डोळ्याचा दूरचा नंबर किती आहे, त्यात सिलिंडर (डोळ्याच्या असमान वक्रतेसाठीचा नंबर) किती आहे आणि मोतीबिंदूची सुरुवात झाली आहे का. साधा नंबर दुर्बिणीच्या मागच्या टोकाची कडी फिरवून सामावून घेता येतो. बहुतेक दुर्बिणींत ही सोय साधारण उणे दोन ते अधिक दोनपर्यंत असते. सिलिंडर मात्र कोणत्याही कडीने जात नाही, त्यासाठी चष्मा लावूनच नेम धरावा लागतो. सिलिंडर असणाऱ्या डोळ्याला रेड डॉट साइटमधला (काचेवर प्रकाशाचा लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटमधला) ठिपका स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या ताऱ्यासारखा दिसतो. अशांनी रेड डॉट विकत घेऊ नये, काचेवर कोरलेले रेटिकल असलेली दुर्बीणच घ्यावी. मोतीबिंदू पिकत असेल तर मी खरेदी पुढे ढकलण्याचा सल्ला देईन, कारण शस्त्रक्रियेनंतर नंबर, रंग आणि प्रकाश या तिन्ही गोष्टी बदलतात. दूरच्या दृष्टीसाठी बसवलेले साधे एकनाभीय भिंग दुर्बिणीला फार छान जुळते, तर बहुनाभीय भिंगाने प्रतिमेतील काळ्या-पांढऱ्याचा ठसठशीतपणा थोडा उतरतो. शस्त्रक्रिया व्हायची असेल तर आपल्या या छंदाची कल्पना डॉक्टरांना आधीच द्यावी.

नेमबाजीसाठी प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरू नये. रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकला की आपण काचेच्या मधून न पाहता वरच्या आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहतो, आणि प्रोग्रेसिव्ह काचेची कडेची बाजू मुळातच वेडीवाकडी दाखवते. फक्त दूरच्या नंबराची, पॉलिकार्बोनेटची, आकाराने मोठी काच घ्यावी. फुटलेल्या काडतुसाच्या कडेतून मागे आलेला वायू किंवा कण डोळ्यात जाऊ नये म्हणून चष्मा तसाही हवाच. दुसरा डोळा घट्ट मिटून ठेवल्याने नेमाच्या डोळ्यावरही ताण येतो, त्यामुळे त्या बाजूच्या काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावून दोन्ही डोळे उघडे ठेवावेत.

आता मुख्य हिशेबाकडे येतो. पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला वर्धनाने, म्हणजे दुर्बीण किती पट मोठे दाखवते त्या आकड्याने, भागले की दुर्बिणीच्या मागून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. ४० मिलिमीटरच्या भिंगाला १० पट वर्धनावर हा झोत ४ मिलिमीटरचा असतो, १६ पटीवर अडीच मिलिमीटरचा आणि २४ पटीवर जेमतेम १.७ मिलिमीटरचा. वयाबरोबर बाहुली अंधारातही पूर्वीइतकी उघडत नाही. विशीत ती सात मिलिमीटरपर्यंत फाकते, साठीनंतर पाच किंवा त्याहून कमी. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की म्हाताऱ्या डोळ्याला बारीक झोत पुरे. भर उन्हात बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते, म्हणून उजेडाच्या दृष्टीने ते खरेही आहे. पण दोन अडचणी उरतात. झोत बारीक असला की डोके केसभर हलले तरी कडेने काळी सावली शिरते, आणि मान आखडलेल्या माणसाला प्रत्येक गोळीला डोके त्याच जागी आणणे सोपे नसते. दुसरे म्हणजे, वयाबरोबर डोळ्यातील जेलीसारख्या भागात तरंगू लागणारे धागे आणि ठिपके बारीक झोतात एकदम ठळक दिसू लागतात आणि नेमके लक्ष्याच्या मधल्या, दहा गुणांच्या कड्यावरून पोहत जातात. म्हणून नेहमीच्या वापराच्या वर्धनावर झोत अडीच ते तीन मिलिमीटर राहील आणि कमाल वर्धनावरही दोनच्या खाली जाणार नाही, अशी दुर्बीण शोधावी. पन्नास मीटरसाठी ४ ते १६ पट आणि ४० किंवा ४४ मिलिमीटर भिंग, हा मेळ मला सर्वांत समंजस वाटतो. पन्नास किंवा छप्पन्न मिलिमीटरचे भिंग घेतले तर दुर्बीण उंच बसवावी लागते, गाल दस्त्यावरून सुटतो आणि मिळालेला उजेड मानेच्या दुखण्यात खर्ची पडतो.

चोवीस पटीचा आग्रह बहुधा गोळीचे छिद्र दिसावे म्हणून असतो. हिशेब करून पाहा: ५.६ मिलिमीटरचे छिद्र पन्नास मीटरवर डोळ्याशी साधारण ०.४ कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करते, आणि ६/६ दृष्टीच्या माणसाला अक्षर वाचायला पाच कला लागतात. म्हणजे तेरा पटीच्या आसपास चांगल्या डोळ्याला काम जमते, पण दृष्टी ६/१२ असेल तर पंचवीस पटही अपुरी पडते, शिवाय काळ्या भागातले छिद्र उजेडातसुद्धा चटकन सापडत नाही. ते काम स्टँडवरच्या वेगळ्या स्पॉटिंग स्कोपला द्यावे. इंदुरात मे महिन्यात सकाळी दहा वाजल्यानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा अशी थरथरते की वीस पटीवर लक्ष्य पाण्याखाली ठेवल्यासारखे दिसते. तेव्हा मोठे वर्धन असलेलाही माणूस निमूटपणे बारावर येतो.

पॅरॅलॅक्सचा, म्हणजे डोके हलले की रेटिकल लक्ष्यावर सरकल्यासारखे दिसण्याचा, मुद्दा पॉइंट टू-टूसारख्या रिमफायर रायफलींच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. मोठ्या बोअरच्या शिकारी रायफलींसाठी केलेल्या साध्या दुर्बिणी १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, जुळवून बंद केलेल्या असतात. अशी ४० मिलिमीटरची दुर्बीण पन्नास मीटरवर वापरली आणि डोळा भिंगाच्या कडेच्या बाजूला सरकला, तर रेटिकल लक्ष्यावर जास्तीत जास्त नऊ मिलिमीटर सरकू शकते. पन्नास मीटरच्या कागदी लक्ष्यावर दहाचे कडे १०.४ मिलिमीटरचे आहे आणि एका कड्यापासून दुसऱ्या कड्याचे अंतर आठ मिलिमीटर आहे, म्हणजे रायफल तसूभरही न हलवता, केवळ डोके हलल्यामुळे एक कडे गमावण्याची शक्यता निर्माण होते. रिमफायरसाठी ५० यार्डांवर जुळवलेल्या दुर्बिणीत हीच चूक दोन मिलिमीटरच्या आत राहते. त्याहून उत्तम म्हणजे पॅरॅलॅक्स स्वतः जुळवता येणारी दुर्बीण, मग ती कडी पुढच्या भिंगाभोवती असो किंवा बाजूच्या बटणात. पालथे झोपून नेम धरणाऱ्या वयस्क माणसाला बाजूचे बटण सोयीचे पडते, कारण पुढच्या कडीपर्यंत हात नेताना सगळी बैठक मोडते. त्याच दुर्बिणीने दहा मीटरच्या एअर रायफलवरही सराव करायचा असेल तर ती दहा मीटरपर्यंत जुळते का, हे विचारून घ्यावे. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा उलटा धक्का मात्र साध्या दुर्बिणीची वाट लावतो, तिच्यासाठी तसे स्पष्ट लिहिलेलेच मॉडेल लागते.

रेटिकल बारीक असावे, पण अदृश्य होईल इतके नको. एक एमओए, म्हणजे एक कलेचा कोन, पन्नास मीटरवर साधारण साडेचौदा मिलिमीटर असतो. त्याचा आठवा भाग, म्हणजे १.८ मिलिमीटरचा ठिपका, तरुण स्पर्धकांना आवडतो, पण ११२.४ मिलिमीटरच्या काळ्या वर्तुळात तो थकलेल्या डोळ्याला सापडत नाही. पाव एमओएचा ठिपका दहाच्या कड्यात सहज मावतो आणि दिसतोही. मंद प्रकाशित होणारे रेटिकल असेल तर त्याचा काळ्यावर उपयोग होतो. प्रकाश अगदी कमीत कमी ठेवावा, कारण मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या डोळ्यात तो पसरतो. वर्धन बदलले की रेटिकलही जाड-बारीक होणारी, म्हणजे पहिल्या फोकल प्लेनची दुर्बीण एकाच अंतरावरच्या नेमबाजीला अनावश्यक आहे. गोळीच्या उताराच्या खुणा असलेले रेटिकलही तसेच. अंतर ठरलेले असताना त्या खुणा डोळ्याला फक्त गोंधळात टाकतात.

नेम सरकवणाऱ्या नॉबची एक क्लिक पाव एमओएची असली तर पन्नास मीटरवर ३.६ मिलिमीटर सरकते, आठव्या भागाची असली तर १.८ मिलिमीटर, मिलच्या (कोनाच्या दुसऱ्या मापाच्या) दहाव्या भागाची क्लिक पाच मिलिमीटरची पडते आणि ती या कामाला जाड आहे. नॉबवरचे आकडे वाचनाचा चष्मा न लावता दिसतात का आणि क्लिक बोटांना स्पष्ट जाणवते का, हे दुकानातच पाहावे. डोळ्यापासून भिंगाचे अंतर, म्हणजे आय रिलीफ, चष्मा लावणाऱ्यासाठी निदान नव्वद मिलिमीटर असावे.

दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांखाली सगळ्याच दुर्बिणी चांगल्या दिसतात. रायफलीवर न बसवलेली सुटी दुर्बीण हातात घेऊन, दुकानदाराच्या परवानगीने, संध्याकाळी उजेड उतरताना दारातून समोरच्या फलकावरची बारीक अक्षरे पाहावीत. शक्य असेल तर दोन दुर्बिणी एकाच वर्धनावर ठेवून ताडून पाहाव्यात. अक्षरांच्या कडेला जांभळी किनार दिसते का आणि प्रतिमा कडेपर्यंत सपाट राहते का, हे एवढ्यात कळते. आपला नेमबाजीचा चष्मा बरोबर न्यायला विसरू नये.

दुर्बीण घरी आल्यावर आधी मागची कडी जुळवावी. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, सूर्य नसलेल्या बाजूच्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे दुर्बीण धरावी, दूर कुठेतरी पाहून नजर मोकळी करावी आणि मग दोन-तीन सेकंदच आत पाहावे. त्या पहिल्या नजरेत रेटिकल कडक काळे दिसले नाही तर कडी थोडी फिरवून पुन्हा दूर पाहावे. आत टक लावून कडी फिरवत राहिल्यास उरलीसुरली लवचिकता वापरून डोळाच जुळवून घेतो आणि तासाभराने दुखू लागतो. त्यानंतर कमाल वर्धनावर, चष्मा आणि जाकीट घालून, नेहमीच्या बैठकीत डोळे मिटून गाल टेकवावा आणि डोळे उघडल्यावर पूर्ण वर्तुळ दिसेपर्यंत दुर्बीण रिंगांत पुढे-मागे सरकवावी. बहुतेक पॉइंट टू-टू रायफलींवर ११ मिलिमीटरची खाच असते, रिंगा त्याच मापाच्या घ्याव्यात आणि स्क्रू आलटून-पालटून, उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतच आवळावेत. रेंजवर पोहोचल्यावर रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून डोके वर-खाली हलवावे. रेटिकल लक्ष्यावर सरकत असेल तर ते थांबेपर्यंत पॅरॅलॅक्सचे बटण फिरवावे आणि बटणावर छापलेल्या आकड्यापेक्षा या चाचणीवर विश्वास ठेवावा. सापडलेल्या दोन्ही जागांवर, मागच्या कडीवर आणि बटणावर, नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवावी, आणि चष्म्याचा नंबर बदलेल तेव्हा मागच्या कडीवरची रेघ पुसून ती जुळवणी पहिल्यापासून करावी.