कथा वहीतच राहते? सीमाभागातल्या नव्या लेखकांनो, या चुका टाळा

हिवाळा लागला की कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांचे वेध लागतात. तरीही आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या कथा वहीतून बाहेरच येत नाहीत. कारण एकच, "अजून मनासारखं झालं नाही."

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे पहिल्याच खर्ड्यात भाषा धुऊन काढणं. खानापूरकडची आजी कथेत म्हणते, "भात कापायला आलंय, खरं पाऊस थांबंना." लिहिणाऱ्याच्या मनात येतं, पुण्याचा वाचक काय म्हणेल? मग त्याचं होतं, "भात कापणीस आले आहे, परंतु पाऊस थांबत नाही." वाक्य निर्दोष झालं, पण आजी गेली. तिचं पुढचं बोलणं सुचेनासं होतं आणि आपल्याला वाटतं, आपल्यात लेखक नाहीच. बोलणं कानावर येतं तसंच उतरवा. निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचं की नाही, ते कथा पुरी झाल्यावर बघा. महादेव मोरे यांनी निपाणीत पिठाची गिरणी चालवत तिथल्या तंबाखू कामगारांच्या, ड्रायव्हर-क्लीनरच्या कथा त्यांच्याच बोलीत लिहिल्या. १९२९, १९४६ आणि २००० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बेळगावातच भरलं. आपलं मराठी दुय्यम, ही समजूत मनातून काढूनच टाका.

कन्नड माध्यमात शिकलेल्यांना ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती असते. ते काम शेवटचं. शब्दकोश घेऊन बसा किंवा एखाद्या मराठीच्या शिक्षकांना दाखवा, भागतं.

पहिलं वाक्यच खोडत बसू नका. अडलात तर फुली मारून जागा सोडा आणि ज्या प्रसंगामुळं कथा सुचली तो आधी लिहून काढा. सुरुवात बऱ्याचदा नंतर सापडते.

अर्धी कथा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणंही टाळा. कुणी काहीच बोललं नाही तर हातपाय गळतात, "छान" म्हटलं तरी पुढं काय लिहायचं ते कळत नाही. पुरी झाल्यावर एकाच जाणत्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. कथाकथनाला कान देणारी माणसं आपल्याकडं गावोगाव आहेत, हे आपलं मोठं भाग्य. वाचताना तुमचीच जीभ अडखळते तिथं पेन्सिलनं खूण करा आणि तेवढंच दुरुस्त करा.

आणि थांबायचं कधी? मागं खोडलेलाच शब्द तुम्ही परत लिहायला लागलात, की दुरुस्ती संपली. त्याच दिवशी कथा पाठवून द्या.