वर काय न्यायचं, खाली काय आणायचं

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला मी गिर्यारोहकांसाठी एका निवाऱ्याचं डिझाइन केलं होतं. दरीच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, पुढे झेपावलेला डेक, वर सोलर पॅनेल. परीक्षकांनी शीट नीट पाहिली आणि एकच विचारलं, "ह्या काचेचं वजन किती?" मला सांगता आलं नाही. हिशेब तर शाळेतल्या मुलालाही जमेल असा होता. एक मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला अडीच किलो भरते. सहा मिलिमीटरच्या तीन काचा म्हणजे 45 किलो. माझ्या डिझाइनमध्ये 40 चौरस मीटर काच होती, म्हणजे फ्रेम सोडून 1800 किलो. आणि साइटला रस्ता नव्हता.

उंच डोंगरावरचे निवारे बांधायच्या ह्या क्षेत्रात यायचं म्हणणाऱ्यांना मी हाच किस्सा आधी सांगते. आपल्याला कॉलेजात चौरस फुटांत विचार करायची सवय लागते. इथे किलोत विचार करावा लागतो. 3500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. हवा विरळ झाली की हेलिकॉप्टरची वजन उचलायची ताकदही कमी होते. म्हणून भिंती-छतं खाली वर्कशॉपमध्ये तयार होतात, तुकड्यांवर नंबर पडतात आणि एका खेपेत किती वजन जाईल त्यावरून पॅनेलचं माप ठरतं. स्वित्झर्लंडमधली मॉन्टे रोझाची नवी हट, म्हणजे गिर्यारोहकांचा निवारा (2009, उंची 2883 मीटर), अशीच उभी राहिली: आत लाकडी सांगाडा, बाहेर ॲल्युमिनियमची कातडी. तिचे डिटेल मिळतील तिथून मिळवून अभ्यासा.

माझी सगळ्यात महागडी चूक मात्र दाराची. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका छोट्या निवाऱ्याचं दार मी बाहेर उघडणारं दिलं, आगीच्या वेळी सुटका सोपी म्हणून. ते दिलं वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, लोकांना आत शिरताना त्रास नको म्हणून. दोन्ही कारणं कागदावर बिनतोड. हिवाळ्यात पाहणीला गेलो तर दारासमोर छातीएवढा बर्फ. वारा समोरून आपटतो, इमारतीला वळसा घालतो, मागे त्याचा जोर ओसरतो आणि वाहून आणलेला बर्फ तो तिथेच टाकतो. आम्ही तासभर फावड्याने खणत होतो. आत कुणी असतं तर त्याला दार ढकलताही आलं नसतं. आता मी दार वाऱ्याला समांतर असलेल्या बाजूला घेते आणि शिवाय वर, बर्फाच्या पातळीच्या पुष्कळ वर, हिवाळ्यासाठी दुसरी वाट ठेवते.

हीच गोष्ट कुणी हुशारीने वापरली तर काय होतं, ते आल्प्समधल्या माँ ब्लांक शिखराच्या वाटेवरच्या गूते निवाऱ्यात दिसतं. तो 3835 मीटरवर आहे, 2013 मध्ये सुरू झाला. त्याचा अंड्यासारखा आकार बघून अनेकांना ती फॅशन वाटते. पण त्या आकारामुळे वारा बर्फ नेमका मागच्या बाजूला आणून टाकतो आणि बर्फ वितळवायचं यंत्र तिथेच बसवलंय. तिथे पिण्याचं पाणी बर्फ वितळवूनच मिळतं.

पाण्यापाठोपाठ संडास येतो, आणि विद्यार्थ्यांच्या प्लॅनमध्ये तो नेहमी कोपऱ्यातला उरलेला चौकोन असतो. सेप्टिक टँकमधले जिवाणू थंडीत सुस्तावतात, त्यामुळे खालची नेहमीची रचना वर चालत नाही. माणशी दिवसाला दीडेक लिटर लघवी आणि जेमतेम दीडशे ग्रॅम मल धरा. वीस माणसांचे 30 लिटर आणि 3 किलो. दोन्ही एकत्र झालं की 33 किलो घाण. सुरुवातीलाच वेगळं केलं तर पिंपात भरून खाली आणायचा ऐवज फक्त मलाचा, म्हणजे फारच थोडा. लघवी वेगळी करणारं भांडं कसं चालतं हे ज्याला चित्र काढून समजावता येतं, त्याला मी कॉम्प्युटरवर इमारतीची सुंदर चित्रं (रेंडर) करणाऱ्याच्या आधी नोकरी देईन.

सोलरबद्दल थोडक्यात: पॅनेल उभी लावा, बर्फ साचत नाही आणि समोरच्या बर्फावरून उसळलेला उजेडही मिळतो. थंडीत पॅनेल खूश असतात, बॅटरी नाही. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली की बिघडते, म्हणून तिला उबदार भागात जागा द्या.

आता ज्याकडे कुणाचंच लक्ष नसतं ते: माणसांचा श्वास. झोपलेला माणूस तासाला चाळीसेक ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात सोडतो. वीस जण, आठ तास, म्हणजे सहा लिटरहून जास्त. त्यात ओले मोजे, ओल्या दोऱ्या. ही वाफ भिंतीत शिरली तर इन्सुलेशनच्या थंड बाजूला पाणी होऊन बसते, गोठते आणि लाकूड आतून कुजवते. बाहेरून काहीच दिसत नाही. मी एकदा दुरुस्तीसाठी पॅनेल उघडलं तेव्हा स्क्रू बोटाने ओढला तरी बाहेर येत होता. व्हेपर बॅरियरला, म्हणजे वाफ भिंतीत शिरू न देणाऱ्या थराला, वायरसाठी एक भोक पाडलं होतं आणि ते कुणी टेप लावून बंद केलं नव्हतं. म्हणून बिल्डिंग फिजिक्सच्या तासाला झोपू नका. दवबिंदू, म्हणजे जिथे वाफेचं पाणी होतं ती जागा, भिंतीत कुठे येतो ते हाताने काढायला शिका, सॉफ्टवेअर नंतर.

एवढं करूनही अंदाज चुकतात. मॉन्टे रोझाची हट नव्वद टक्के ऊर्जा स्वतः मिळवेल अशी आखली होती, पण ती एवढी गाजली की सुरुवातीला अपेक्षेपेक्षा बरीच जास्त माणसं आली. पर्यावरणपूरक इमारत स्वतःच गर्दी ओढते हा पेच आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. क्लायंटला मात्र मी आधी विचारते, जुनाच निवारा दुरुस्त करून भागेल का? दोनदा भागलं. दोन्ही वेळा माझी फी कमी झाली.

पोटापाण्याचं सांगायचं तर फक्त ह्या कामावर ऑफिस चालत नाही. वर्षाकाठी असं एखादं काम मिळतं, बाकी घरं आणि शाळा. पोर्टफोलिओत भिंतीचा एक मोठा सेक्शन (उभा छेद) ठेवा, प्रत्येक थराच्या नावासकट. आणि पर्यटकांचा हंगाम संपल्यावर एखाद्या निवाऱ्यात सलग चार रात्री राहा. दार कुठे कुरकुरतं, ओले बूट लोक कुठे टाकतात, रात्री दोनला संडासाला जाताना काय होतं, हे वहीत लिहा.

आमच्या ऑफिसात नव्या मुलांना पहिल्या दिवशी दोन रकान्यांचा कागद मिळतो. एकात वर जाणारं, दुसऱ्यात खाली येणारं. पहिला रकाना तासाभरात भरतो. दुसऱ्यात संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी एवढंच लिहिलेलं असतं: कचरा.