चॅथमची राज्यघटना वाचनमंडळात कशी वाचायची

जॉन ब्राऊन हा अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध हत्यार उचलणारा गोरा माणूस. त्याचं नाव काढलं की चर्चा हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर त्याने केलेल्या हल्ल्याकडे आणि त्याच्या फाशीकडे धावते. तिला तिकडे जाऊ देऊ नका. सोलापुरात सेटलमेंट भागात, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं तिथे, मी वाचनमंडळ चालवते. सुरुवात हल्ल्याआधीच्या कागदापासून करा, असं माझं ठाम मत आहे. मे १८५८ मध्ये कॅनडातल्या चॅथम गावी ब्राऊन आणि त्याचे साथी जमले, त्यात बहुसंख्य काळे होते. गुलामीतून सुटलेल्यांनी स्वतःचा कारभार कसा करायचा, याची ४८ कलमांची हंगामी घटना त्यांनी तिथे मंजूर केली.

पहिल्या बैठकीत ४२वं कलम घ्या. लग्नाचं नातं मानायचं, कुटुंबं एकत्र ठेवायची, ताटातूट झालेल्यांची गाठ घालून द्यायला चौकशीची कार्यालयं काढायची, शाळा काढायच्या. ज्यांची लेकरं बाजारात विकली जात होती, त्यांच्यासाठी राज्य म्हणजे आधी हे. हे वाचल्यावर मंडळी गप्प होतात. होऊ द्या, घाई नको. मग २८वं कलम: कष्टाचं उत्पन्न सगळ्यांचं सामाईक. अध्यक्ष, प्रतिनिधिगृह, न्यायालय भराभर उरका. ४६व्या कलमावर मात्र वाद होऊ द्या, कारण त्यात अमेरिकेचं सरकार उलथवायचं नाही, दुरुस्ती करायची, असं लिहिलंय.

दुसरी बैठक जमिनीची. १२ जानेवारी १८६५ला, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलेलं असताना, सव्हाना शहरात २० काळे धर्मोपदेशक उत्तरेच्या फौजेच्या जनरल शर्मनला भेटले. गॅरिसन फ्रेझियर यांनी त्यांच्या वतीने जमीन मागितली, स्वतः कसून खाण्यासाठी. चार दिवसांत ४० एकरांपर्यंतचे तुकडे देण्याचा हुकूम निघाला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बहुतेक जमीन जुन्या मालकांकडे वळवली. हे सांगताना मला आजही राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

“अमेरिकेचं आपल्याला काय?” असं कुणीतरी विचारतंच. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलाम मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, एवढं सांगा.

तिसऱ्या बैठकीला वस्तीतल्या आजी-आजोबांना बोलवा. जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तारेचं कुंपण आणि हजेरी त्यांच्या घरात अजून बोलली जाते. विचारा: तार निघाल्यावर घर कुणाच्या नावावर झालं? वस्तीचं भांडण कोण मिटवायचं? मिलमधला पगार कुणाच्या हातात पडायचा? मध्येच “म्हणजे ब्राऊनसारखंच” असं म्हणू नका. उत्तरं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, पुढच्या बैठकीत आधी त्यांना वाचून दाखवा, आणि त्यांनी होकार दिल्यावरच ती कलमांशेजारी ठेवा.