शॉपफ्लोअरवर पुढाकार घेणाऱ्यांना दाद कशी द्यावी

नव्या पोराला मशीनच्या चकमध्ये (पकडीत) जॉब, म्हणजे घडवायचा भाग, नीट बसवायला शिकवणारा ऑपरेटर, संपत आलेल्या इन्सर्टची (कटिंग टूलच्या टोकाला बसवायच्या पात्याची) आठवण आधीच करून देणारा स्टोअरकीपर, फोर्कलिफ्टच्या वाटेवर सांडलेलं तेल न सांगता पुसणारा कंत्राटी हेल्पर. कारखाना अशांच्या जिवावर चालतो. पण त्यांच्यामुळे जो बिघाड टळतो, तो कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही. त्यामुळे अशी माणसं मुद्दाम शोधावी लागतात.

आठवड्यातून एकदा शिफ्ट हँडओव्हरचं आणि नियर-मिसचं (थोडक्यात टळलेल्या अपघातांचं) रजिस्टर स्वतः वाचा. "वेळीच लक्षात आलं" अशी नोंद दिसली की ते कुणाच्या लक्षात आलं, हे विचारा. सुपरवायझरच्या तोंडून बहुधा "आम्ही" येतं. नाव मशीनवरच्या माणसांकडून कळतं. टूलबॉक्स मीटिंगमध्येही (कामाआधीच्या छोट्या सुरक्षा बैठकीत) अधूनमधून एकच प्रश्न टाका: "या आठवड्यात तुमचं काम कुणामुळे सोपं झालं?" दोन-तीन आठवड्यांत तीच ती नावं पुन्हा यायला लागतात.

दाद शक्यतो त्याच शिफ्टमध्ये, फार तर दुसऱ्या दिवशी द्या. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनापर्यंत राखून ठेवू नका. काय केलं आणि त्यानं काय वाचलं, दोन्ही सांगा: "मामा, आवाज बदलला म्हणून तुम्ही मशीन थांबवलंत. इन्सर्ट तुटला असता तर बोअर (जॉबमधलं भोक) बिघडून पुढचे सगळे जॉब रिजेक्ट झाले असते." नुसत्या "छान काम"मधून बाकीच्यांना काही शिकायला मिळत नाही. काहींना चारचौघांत कौतुक झालं की अवघडायला होतं, त्यांना मशीनपाशी जाऊन सांगा.

सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे शंका आली म्हणून कुणी लाईन थांबवली आणि तपासणीत दोष निघालाच नाही. तेव्हाही आभार मानायलाच हवेत, तेही सगळ्यांसमोर. त्या क्षणी कपाळाला आठी पडली, तर पुढच्या वेळी खरा दोष दिसूनही कुणी बटणाला हात लावणार नाही.

बक्षिसाचे नियम जपून ठरवा. "शून्य अपघात" म्हणून विभागाला बक्षीस लावलं की कापलेलं बोट रुमालात लपवलं जातं. प्रत्येक सूचनेला पैसे ठेवले की पेटी किरकोळ चिठ्ठ्यांनी भरते. पैसे द्यायचेच तर सूचना अमलात आल्यावर द्या. 'महिन्याचा कामगार' पाळीपाळीनं फिरायला लागला, तर ती योजना सरळ बंद करा.

तिसरी शिफ्ट आणि कंत्राटी कामगार हमखास सुटतात. महिन्यातून एकदा तरी प्लांट हेडनं रात्री फ्लोअरवर यावं. कंत्राटी माणसाचं कौतुक ठेकेदाराला लेखी कळवा आणि प्रत त्या माणसाच्या हातात द्या. ठेकेदार बदलला की जुनी नोंद हरवते, हातातला कागद मात्र नव्या ठिकाणी दाखवता येतो.

कायम कामगारांच्या बाबतीत तारीख, प्रसंग आणि परिणाम अशा तीन ओळी वैयक्तिक फाइलमध्ये लावा. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या गुणवंत कामगार पुरस्कारासाठी कुणाचं नाव सुचवायची वेळ आली, की जुनं काही आठवत बसावं लागणार नाही.