व्यावसायिक मालमत्तेचे ड्रोनने चित्रण कसे करावे

ड्रोन जितका उंच जाईल तितके चित्र देखणे, अशा समजुतीने काम सुरू केले की हाती बहुधा नुसते छत येते. गोदाम किंवा कार्यालय भाड्याने घेणाऱ्याला मात्र मुख्य रस्त्यावरून आत कसे यायचे, मोठा ट्रक आवारात वळेल का आणि गाड्या कुठे उभ्या राहतील, हे पाहायचे असते. म्हणून उड्डाणापूर्वी मालकाशी बोलून अशा प्रश्नांची यादी करावी आणि प्रत्येक शॉट त्यांपैकी एकाचे उत्तर देईल असा आखावा.

स्थानिक हवाई नियम, मालकाची लेखी संमती आणि विमा यांची पूर्तता आधीच झालेली असावी. अनेक देशांत उंचीची मर्यादा १२० मीटर असली तरी बैठ्या इमारतींच्या दर्शनी भागासाठी १० ते ३० मीटर पुरतात. कॅमेरा खाली झुकवला की भिंतींच्या उभ्या रेषा तळाकडे निमुळत्या होतात. ड्रोन इमारतीच्या साधारण मध्यावर स्थिर ठेवून कॅमेरा समतल केल्यास त्या सरळ राहतात.

पत्र्याच्या छतावरून किंवा सळ्यांच्या स्लॅबवरून उड्डाण सुरू करू नये, कारण लोखंडामुळे ड्रोनचा कंपास (दिशादर्शक) चुकतो. परतीची उंची, म्हणजे ड्रोन आपोआप ज्या उंचीवरून परत येतो ती, आसपासच्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा जास्त ठेवावी. काचेच्या भिंती अडथळा ओळखणाऱ्या सेन्सरला अनेकदा दिसत नाहीत, त्यामुळे तेथे अंतर स्वतःच राखावे लागते.

व्हिडिओत सर्वाधिक बिघडते ती हालचालीची सहजता. लख्ख उन्हात एफ/२.८ (भिंगाच्या छिद्राचे माप) आणि आयएसओ १०० (प्रकाशसंवेदनशीलता) वर शटर उघडा राहण्याचा वेळ १/३२०० सेकंदाच्या आसपास जातो आणि हालचाल तुटक दिसते. सेकंदाला २५ फ्रेम्स घेताना तो १/५० हवा. हा सहा स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) एनडी ६४ फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, भरून काढतो. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) लॉक करावेत, नाहीतर ड्रोन वळताच रंग बदलतात. एका शॉटमध्ये एकच संथ हालचाल ठेवावी आणि तिच्या आधी व नंतर काही सेकंद स्थिर चित्रण घ्यावे, म्हणजे संकलन करणाऱ्याला कापायला जागा मिळते.

स्थिर छायाचित्रांसाठी फिल्टर काढून रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) ब्रॅकेटिंग करावे, म्हणजे एकच दृश्य कमी-जास्त उजेडात अनेकदा टिपावे. दर्शनी भाग पूर्वेकडे असल्यास सकाळी आणि पश्चिमेकडे असल्यास दुपारनंतर उड्डाण करावे. सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासात आतील दिवे आणि आकाश यांचा उजेड जुळून येतो व काचेची इमारत तेव्हाच सर्वांत खुलते; मात्र अंधारातील उड्डाणाची परवानगी आहे का, हे आधी तपासावे. फाइली सोपवताना शेजाऱ्यांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर पुसट करावेत.