मोइनाला पिल्लं होत नाहीत? शेवाळाचं वय बघा

बरणीत हिरवं पाणी भरपूर, मोइना (माशांचं खाद्य म्हणून वाढवतात तो पाणपिसूसारखा बारीक जीव) जिवंत, पण पिल्लं नाहीत. बहुतेक वेळा दोष शेवाळाच्या वयात असतो. जुनं होऊन पिवळसर पडलेल्या शेवाळाच्या पेशींत फॉस्फरस फार कमी उरतो. डॅफ्निया या मोइनाच्या भाऊबंद पाणपिसूच्या बाबतीत, अन्नात फॉस्फरसच्या एका अणूमागे कार्बनचे साधारण ३०० पेक्षा जास्त अणू झाले की पोट भरतं, पण वाढ खुंटते आणि अंडी कमी धरतात.

नळाचं १० लिटर पाणी २४ तास उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या. त्यात उसाला देतात ते १९:१९:१९ विद्राव्य खत १ ग्रॅम आणि क्लोरेला किंवा सिनेडेस्मस या हिरव्या शेवाळाचं १ लिटर विरजण (आधी वाढवलेलं हिरवं पाणी) घाला. उजेडात ठेवा, दुपारचं ऊन टाळा. गर्द हिरवं झालं की लगेच बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा. काही दिवसांत शेवाळ तळाशी बसतं. वरचं खताचं पाणी ओतून टाकाच, त्यातला अमोनिया मोइनाला मारू शकतो.

रंकाळ्यासारख्या तलावाचं हिरवं पाणी सरळ ओतू नका. पारदर्शक बाटलीत रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वर रंग सांडल्यासारखा तवंग आला तर ते मायक्रोसिस्टिससारखं निळं-हिरवं शेवाळ समजा. अंड्यांना लागणारी स्टेरॉल (चरबीसारखी द्रव्यं) त्यात जवळपास नसतात, शिवाय काही वाण विषारी असतात. शेवाळाऐवजी घातलं जाणारं यीस्ट विषारी नाही, पण लांब साखळीची ओमेगा-३ त्यात नसतात. जोड म्हणून ठीक, नुसत्या यीस्टवर वीण रोडावते.

खात्री करायची तर ६ ग्लास घ्या. प्रत्येकात १०० मिली पाणी आणि २४ तासांच्या आतलं एकच पिल्लू. तिघांना ताजं शेवाळ, तिघांना पिवळं पडलेलं. ग्लासमागे छापील कागद धरून अक्षरं सारखीच अंधुक दिसतील असा गढूळपणा सारखा करा, नाहीतर तुम्ही दर्जा नव्हे, प्रमाण मोजाल. दिवसाआड पाणी बदला, पिल्लं मोजून काढा. २६ अंशांच्या आसपास चार-पाच दिवसांत पहिलं वेत येतं. ते लहानच असतं, त्यावरून ठरवू नका. १० दिवस मोजा.

रोज भिंगातून मादीची पाठ बघा. पिशवीत काळे डोळे फुटलेली पिल्लं आणि आतड्यालगत पिवळसर तेलाचे थेंब दिसले की अन्न पटलं. पाठीवर काळपट खोगीर दिसलं तर ती टिकाऊ अंडी आहेत: उपासमार किंवा गर्दी. त्याच दिवशी निम्म्या माद्या दुसऱ्या बरणीत हलवा.